साडेसहाचं काडतूस, चार नंबरची जागा

१० ऑगस्ट

बोलते मी आहे, लिहिते आहे माझी सून तोरिल. मी योरुन, वय अठ्ठ्याहत्तर, अक्षरशत्रू. शाळेत अक्षरं मला पाहिली की मुंग्यांसारखी पांगायची. मास्तरांनी दोन महिने कान पिळून पाहिला, मग मला शेगडीसाठी सरपण आणायच्या कामाला लावलं. सात वर्षं शाळेत गेले आणि सात वर्षं वर्ग उबदार ठेवला. त्या वर्गात पहिल्या आलेल्या मुलांना अजून ओलं लाकूड पेटवता येत नाही.

वही कशासाठी, तर काल आमच्या शिकारमंडळाची सभा झाली. मंडळाचं इतिवृत्त स्टाइनार लिहितो. प्रमुखही तोच, चिटणीसही तोच. तो जे लिहितो ते पुढच्या वर्षी खरं ठरतं. म्हणून माझं खरं माझ्या वहीत असलेलं बरं.

स्टाइनार उठला आणि म्हणाला, यंदापासून मूस मारायला सगळ्यांनी मोठं काडतूस वापरावं. त्याने नवी तीनशे मॅग्नम बंदूक घेतली आहे, त्यामुळे सगळ्या खोऱ्याने मॅग्नम घ्यावी असं त्याला वाटतं.

"योरुनकाकू, राग मानू नका. तुमचं साडेसहा मिलिमीटर कागदावरच्या नेमबाजीला झकास. पण मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, पाचशे किलोचं धूड."

मी म्हटलं, "स्टाइनार, माझ्या साडेसहाने एकतीस मूस पडलेत. त्यातला एकही मला म्हणाला नाही की बाई, काडतूस लहान आहे."

सगळे हसले. मग त्याने खरा मुद्दा काढला. काडतूस हे नुसतं निमित्त होतं.

"काकू, गेल्या वर्षी तुम्ही दलदलीत पडलात."

"पडले नाही. बसले होते जरा."

(दोन तास. आडव्या. पाणी गोठत आलं होतं. — तोरिल)

मी बोलत नसताना पेन्सिल का चालते आहे गं? वाचून दाखव. … बरं. खोटं आहे, पण राहू दे. तुझा हात, तुझी पेन्सिल.

शेवटी मीच पैज लावली. वर्षाची नेमाची चाचणी सगळ्यांनाच द्यावी लागते: शंभर मीटर, पाच गोळ्या, पाचही त्या तीस सेंटीमीटरच्या वर्तुळात. मी ती माझ्या साडेसहाने दिली, तर मूसची वाट बघत बसायची माझी नेहमीची चार नंबरची जागा माझीच आणि काडतुसाचा विषय कायमचा बंद. नाही जमली, तर शिकारीच्या दिवसांत मी झोपडीत सूप ढवळेन आणि बंदूक भिंतीवर टांगेन. चांदमारीवर चाचणीची शेवटची संध्याकाळ सतरा सप्टेंबर, तोवर कितीदाही देता येते. शिकार पंचवीसला सुरू.

माझा मुलगा तार्याई सभेत माझ्या शेजारीच बसला होता. त्याने पूर्ण वेळ कॉफीच्या कपात पाहिलं. ओंडके वाहणारा ट्रक चालवणारा माणूस, त्याला सांगायला लागत नाही की समोर वळण आहे.

१४ ऑगस्ट

चाचणीआधी सरावाच्या तीस गोळ्या झाडाव्याच लागतात. आज झाडल्या. एम्ब्रेटने कार्डावर शिक्का मारला. एम्ब्रेट चांदमारी सांभाळतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि तरुणपणी माझ्याकडून सात वेळा हरला आहे. माझ्या खणात त्या नेमबाजीच्या सामन्यांतले बक्षिसाचे चांदीचे चमचे आहेत. त्याच्याकडेही आहेत, पण लहान.

तीस गोळ्या झाडून मी घरी आले आणि वॉफल केले, खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. साडेसहाची हीच तर गंमत आहे. बंदूक खांद्याला धक्का देते, पण तो शेजारणीने "सरक गं जरा" म्हणून द्यावा तसा. लाथ बसणार हे माहीत असलं की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि मिटल्या डोळ्यांनी कुणी मूस मारल्याचं मी ऐकलेलं नाही. धक्का कमी म्हणून सराव जास्त, सराव जास्त म्हणून नेम पक्का. आणि गोळी बारीक असली तरी लांबट आणि वजनदार असते. सुईसारखी शिरते आणि थांबायचं नाव घेत नाही.

शेजारच्या चटईवर स्टाइनार त्याच्या मॅग्नमशी झुंजत होता. पहिल्या बारालाच छपरावरची धूळ खाली आली. तिसऱ्याला बंदुकीवरची दुर्बीण मागे आली आणि तिने त्याची भुवई फोडली. अर्धचंद्रासारखी जखम, नाकावर रक्त.

मी रुमाल दिला. म्हटलं, "पुढच्या टोकाने मूस मरतो म्हणतात. मागच्या टोकाने कोण मरतं?"

"काकू, ताकद हवी असली तर थोडं सोसावं लागतं."

"भोक पाडायचं असतं रे बाळा. घर पाडायचं नसतं."

एम्ब्रेट इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं.

१९ ऑगस्ट

आज एक नवल घडलं. सुनेने बंदुकीबद्दल विचारलं! सव्वीस वर्षं या घरात आहे, आजवर बंदुकीच्या कपाटाला फडकं मारताना सुद्धा तोंड फिरवायची. आज भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, गोळी नेमकी कुठे लागणार हे दुर्बिणीला कसं कळतं?"

माझी छाती फुगली. बंदूक टेबलावर आणली आणि सगळं समजावलं. दुर्बिणीवर दोन टोपणं असतात, एक वर, एक बाजूला. टोपण काढलं की आत खाचेचा स्क्रू. खाचेत नाणं घालून फिरवायचं. एक टिक झाली की शंभर मीटरवर गोळी एक सेंटीमीटर सरकते. "पंधरा टिका फिरवल्या तर?" म्हणाली. "तर गोळी वर्तुळाच्या काठावर जाऊन बसेल," मी म्हटलं. हुशार आहे पोरगी, लगेच हिशेबाचं विचारलं.

खुशीत तिला शेवटचा वॉफल दिला, वर तपकिरी चीज जाड कापून. तिने खाल्ला नाही. पोट ठीक नसेल.

२७ ऑगस्ट

पाचातल्या तीन आत. दोन बाहेर.

तोरिल, असंच लिही. सजवू नको.

माझ्या मते पाचही गोळ्या बरोबर सुटल्या होत्या. चाप अलगद आला, श्वास मध्यावर थांबवलेला, दुर्बिणीतला काटा जागेवर. उठून गुडघे झटकले आणि एम्ब्रेटला म्हटलं, "कागद जपून आण, मी घरी नेऊन फ्रेम करते." तो कागद घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता त्याने तो टेबलावर ठेवला.

हुकलेल्या गोळ्यांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते स्टाइनारचं. तो टोमणा मारेल म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. पण तो भुवईवरच्या पट्टीला हात लावत हळूच म्हणाला, "होतं काकू असं." होतं असं! माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा तो माझ्याशी इतक्या प्रेमाने बोलला नव्हता.

तार्याईने बंदूक गाडीत ठेवली. वाटेत एकदा माझ्या हातावर हात ठेवला. मी तो झटकला. हात ट्रकच्या चाकावर ठेवावेत, आईच्या हातावर ठेवायची ही वेळ नव्हे.

रात्री एक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पाहिले. मग दुसरा झाकून. दोन्हींनी दिसले. पण बरोबर दिसले की नाही हे कुणाला विचारायचं?

२९ ऑगस्ट

आज काही नाही. बटाटे काढले. स्टाइनारने फोन करून विचारलं की सुपाचं मोठं पातेलं आमच्याकडे आहे का. मी म्हटलं, आहे, पण तुझ्या डोक्याच्या मापाचं नाही.

३१ ऑगस्ट

तोरिल, नवं पान घे. आज अक्षर नीट काढ.

सकाळी शेगडी पेटवायला कागद हवा होता, तर त्या ढिगात चाचणीचा कागद सापडला. जाळायच्या आधी म्हटलं, बघावं एकदा आपलं पाप. खिडकीत धरला. पाचही भोकांवर कॉफीचा कप उपडा ठेवला. पाचही कपाखाली झाकली गेली!

आता ऐक. म्हातारीचा हात थरथरला असता तर भोकं पांगली असती, माझ्या शाळेतल्या अक्षरांसारखी. डोळा गेला असता तर एक वर, एक खाली, एक शेजारच्या गावात. पण ही पाच भोकं एकमेकांना बिलगून बसली आहेत, फक्त चुकीच्या ठिकाणी: सगळी उजव्या काठावर. म्हणजे मी ठीक आहे. माझं काडतूस ठीक आहे. दुर्बीण फिरवली आहे.

आणि चार दिवस मी, योरुन, घड्याळाकडे बघत एकेक डोळा झाकत बसले. साधी गोष्ट, चांदमारीवरचं शेंबडं पोरही सांगेल, आणि मला सुचली नाही. का, तर सगळे म्हणत होते वय झालं, म्हणून मीसुद्धा म्हटलं वय झालं असेल. याचीच मला जास्त चीड येते.

बंदुकीचं कपाट उघडून पाहिलं. टोपणं जागच्या जागी. कपाटाखाली एक क्रोनचं नाणं पडलेलं सापडलं, ते खिशात टाकलं. किल्ली कायद्याने माझ्याजवळ हवी. ती घड्याळामागच्या खिळ्यावर असते आणि हे टपालवाल्यालासुद्धा माहीत आहे.

कुणी केलं असेल? मी सांगते. स्टाइनार. गेल्या आठवड्यात अंडी द्यायला आला होता आणि मी गोठ्यात होते. लिही त्याचं नाव. मोठ्या अक्षरात लिही.

सून म्हणते, "आई, नाव नको लिहायला. पुरावा काय?"

पुरावा कशाला? वही माझी आहे, कोर्ट नव्हे. लिही: स्टाइनार.

आणि हेही लिही. मला हरवायचं असलं तर हरवा. माझ्या पातेल्यात मीठ टाका, बुटात खडे टाका. पण फिरवलेल्या दुर्बिणीची बंदूक म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलं होतं का? ती बंदूक घेऊन मी चाचणीऐवजी थेट चार नंबरच्या जागेवर गेले असते तर? मी फुफ्फुसावर नेम धरला असता आणि गोळी पोटात बसली असती. जनावर तीन दिवस जंगलात खितपत मेलं असतं. एकतीस मूस मारले, एकालाही मी तसं मरू दिलेलं नाही. हे ज्याने केलं त्याने माझा नाही, त्या न आलेल्या जनावराचा गुन्हा केला आहे.

लिहिलंस? … तोरिल?

(बटाटे करपत होते म्हणून उठले. — तोरिल)

बटाटे कच्चे आहेत. मला नाक आहे.

३ सप्टेंबर

एम्ब्रेटकडे जाऊन दुर्बीण जुळवली. पहिली गोळी उजवीकडे काठावर. मग टोपण काढून मागे फिरवत गेले. टिक, टिक, टिक. बरोबर पंधरा टिकांवर गोळी मधोमध आली.

एम्ब्रेट म्हणाला, "पंधरा? नेमक्या? योरुन, कुणीतरी मोजून केलंय हे. पण स्क्रूची खाच बघ, किती ओरबाडली आहे. ज्याला येतं तो खाच अशी ओरबाडत नाही. नवशिक्या हात आहे, आणि घाबरलेला."

मी खाच पाहिली. मग खिशातलं नाणं काढून पाहिलं. त्याच्या कडेला निळसर काळा ओरखडा होता, दुर्बिणीच्या रंगाचा. नाणं परत खिशात ठेवलं.

परत येताना मी गाडीत काही बोलले नाही. तार्याईने दोनदा विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" फार वर्षांनी गप्प बसले म्हणून बिचारा घाबरला.

५ सप्टेंबर

संध्याकाळी सून विणत होती. मी म्हटलं, "सतराला चाचणी झाली की सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे की माझी दुर्बीण कुणी फिरवली."

तिचे टाके सुटले.

"आई, स्टाइनार नसेल तर?"

"तर त्याने उठून सांगावं की मी नाही. आणि ज्याने केलं त्याने उठून सांगावं की मी."

"आणि कुणीच नाही उठलं तर?"

"मग मी वाट बघेन. मूसची वाट बघत मी नऊ-नऊ तास बसलेली बाई आहे."

तिने पुढची एक ओळ उलटी विणली. मोजा तार्याईचा होता. आता त्याचा एक पाय घोट्याजवळ विचार करत असल्यासारखा दिसणार.

११ सप्टेंबर

सून म्हणते, चाचणी जमलीच तर शिकारीच्या दिवशी ती माझ्यासोबत चार नंबरच्या जागेवर येईल. मी एकटी बसणार नाही, एवढीच अट.

मी म्हटलं, "तुला रक्त बघवत नाही."

"डोळे मिटेन."

"कंटाळशील."

"विणेन."

"सुयांचा आवाज झाला तर मूस स्वीडनला जाईल."

"मग नुसती बसेन, आई. नुसती बसून राहीन तुमच्याजवळ."

मी हो म्हटलं. तिने असं का म्हणावं हे मात्र मला कळेना. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊच नका.

१७ सप्टेंबर

पाचातल्या पाच. कपाखाली झाकली जाणारी पाच भोकं, मधोमध.

सविस्तर सांगते, कारण स्टाइनारच्या इतिवृत्तात हे एका ओळीत येईल. पाऊस भुरभुरत होता. बाकावर आठ-नऊ माणसं उगाच आली होती. कुणी म्हणे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला आलो, कुणी म्हणे गाडी गरम झाली. मी चटईवर आडवी झाले. डावा गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, तुझी पाळी नंतर. पाच गोळ्या, प्रत्येकीला एकेक श्वास. साडेसहा पाचही वेळा खांद्याला म्हणाली, सरक गं जरा.

एम्ब्रेटने कागद आणला आणि या वेळी दुरूनच माझ्याकडे बघत आणला. बाकावरचा एक जण म्हणाला, "आयला, म्हातारीने बटण शिवायला भोकं पाडली!"

मी स्टाइनारला म्हटलं, "घे, इतिवृत्तात चिकटव."

त्याने टोपी काढली. मनाने वाईट नाही तो. मग खाली बघत म्हणाला, "काकू, एक विचारू? ती साडेसहा मला एकदा झाडून बघता येईल? म्हणजे… नुसतं बघायला."

त्याने पाच झाडल्या. पाचही आत. त्याने कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला, एक बोट भुवईवर. मी काहीही बोलले नाही. लिहून ठेव तोरिल, मी काहीही बोलले नाही. यापेक्षा मोठं दान मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

दुर्बिणीचं मी सगळ्यांसमोर सांगितलं नाही. सून गाडीजवळ उभी होती, कागदासारखी पांढरी. तिला म्हटलं, "चल, थंडी आहे."

२५ सप्टेंबर

आज दोन गोष्टी घडल्या. पहिली मोठी, दुसरी मूसची.

पहाटे उजाडायच्या आत आम्ही दोघी जागेवर. चार नंबर म्हणजे दलदलीच्या काठावरचा खडक, पाठीशी स्प्रूसची झाडं, समोर पिवळं गवत आणि पलीकडे बर्चचं रान. मी रेनडिअरच्या कातड्यावर, सून शेजारी, मांडीत कॉफीचा थर्मास धरून. मूस हुसकायला कुत्रा लांब डोंगराआड सोडलेला. अशा वेळी बोलायचं नसतं. पण तासाभराने ती माझ्या कानाशी आली आणि ओठांनीच बोलली.

"आई. दुर्बीण मी फिरवली."

मी खिशातून नाणं काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीन तारखेपासून. पंधरा टिका मी फक्त एकाच माणसाला शिकवल्या होत्या. मोजल्यास बरोबर हं. पण खाच ओरबाडलीस."

"मग मला रोज ते सगळं लिहायला का लावलंत? ती खाच, ते नाणं, त्या पंधरा टिका?"

"तू बोलशील म्हणून. तुझी वाट बघत होते. आणि थोडी मजाही येत होती."

ती हसली नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल चुकले, मी म्हणेन असू दे, आणि कॉफी पिऊ. पण तिचे डोळे भरले.

"जनावराचा विचार माझ्या मनातच आला नाही, आई. तुम्ही सांगितलंत तेव्हा मला उलटी आली. मला फक्त हे दिसत होतं." तिने बोटाने दाखवलं, खडकाखाली, वीस पावलांवर, जिथे गवत दबून काळं पाणी दिसतं. "तिथे होतात तुम्ही. तुमचे ओठ त्या पाण्याच्या रंगाचे झाले होते."

"जरा बसले होते मी."

"तुम्ही हाल्वोरला हाक मारत होतात."

हाल्वोर माझा नवरा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी म्हटलं, "तार्याईने घरी नेलं ना मला?"

"तार्याई ट्रक घेऊन स्वीडनला गेला होता. मी नेलं. आधी तुमचे बूट काढले, पाय दगडासारखे होते. मी कोट उघडून ते पोटाशी धरले. अर्ध्या तासाने अंगठा हलला. मग पाठीवर घेतलं. तुम्ही वाटेत एकच वाक्य बोललात, की माझी बंदूक ओली करू नकोस."

हे मला आठवत नाही. बंदुकीचं वाक्य माझंच असणार, बाकी मला काही आठवत नाही. वर्षभर मी लोकांना सांगत आले की बसले होते, आणि शेजारी बसून ही बाई ते ऐकत आली. त्यावर तिने फक्त एकदा कंस टाकला.

तेवढ्यात कुत्रा भुंकला.

मूस बर्चच्या रानातून आला. नर होता, शिंगं रुंद, अंगावर सकाळचं दव. सत्तर पावलं. मी काठीवर बंदूक टेकवली. सून माझ्या डाव्या खांद्याला टेकलेली, तिचा श्वास थांबलेला मला कळला. तिने डोळे मिटले नाहीत. नंतर विचारलं मी. तो माझ्याकडे कूस करून उभा राहिला, मी खांद्याच्या मागे काटा ठेवला आणि साडेसहा म्हणाली, सरक गं जरा.

तो पडला नाही. काही विसरल्यासारखा थांबला, वीस पावलं चालला आणि आडवा झाला. मानेने एकदा गवत घुसळलं, मग शांत.

स्टाइनार धावत आला. "हुकली का काकू? एकच बार ऐकू आला."

"दुसरा कशाला हवा होता?"

गोळी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेली होती. दोन्ही फुफ्फुसं. खांद्याचं मांस कुठेही नासलं नव्हतं. स्टाइनारने भोकात करंगळी घालून पाहिली आणि पुन्हा त्याचं बोट भुवईकडे गेलं. हा बोटाचा चाळा त्याला आता जन्मभर पुरणार.

२७ सप्टेंबर

काल शिकारीच्या झोपडीत मांसाचे वाटे पडले. आमच्या झोपडीत शेगडीवरच्या तुळईवर एकेकाची रांग असते. सुरुवातीला एक खिळा, त्याच्यापुढे प्रत्येक मूसमागे एक रिकामी पुंगळी. नावं कुणाचीच लिहीत नाहीत, खिळा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेपेक्षा ही पद्धत मला पटते. मी माझी बत्तिसावी पुंगळी ठेवली.

मग हातोडी मागितली. माझ्या खिळ्याशेजारी एक नवा खिळा ठोकला. आमच्या क्रोनच्या नाण्याला मध्ये भोक असतं; सुनेकडून आधीच मागून घेतलेलं ते नाणं त्या खिळ्यावर अडकवलं.

स्टाइनार म्हणाला, "हा कुणाचा खिळा?"

"माझ्या सुनेचा."

"तोरिलचा? तिने काय मारलं?"

"मला," मी म्हटलं. "थोडक्यात हुकली."

कुणाला काही कळलं नाही. तार्याईला कळलं असावं, कारण त्याने कपातून मान वर काढली. आणि सून आधी रडली, मग इतकी हसली की तिच्या हातातलं सूप सांडलं. सूप यंदा स्टाइनारने केलं होतं. सांडलं ते बरंच झालं.

आता तोरिल, मागची पानं उलट. एकतीस ऑगस्टला स्टाइनारचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. ते खोड. … नको, राहू दे तसंच. त्याने दुसरं काहीतरी केलंच असेल.

अजून मागे जा. अगदी पहिलं पान, दहा ऑगस्ट. तिथे तुझा कंस आहे. तो पूस. कंस पूस म्हणते आहे गं, आतलं नाही. आतलं माझ्या नावाने लिही, माझ्या तोंडचं म्हणून: मी, योरुन, दलदलीत पडले होते. दोन तास. आडवी.

लिहिलंस? मग ठेव ती पेन्सिल आणि ये इकडे, तुला खाच न ओरबाडता नाणं कसं फिरवायचं ते दाखवते.